पाठदुखीवरील पुनर्जनन चिकित्सा

पाठीच्या वा कंबरेच्या दीर्घकाळ टिकलेल्या वेदनेवर मोठी शस्त्रक्रिया न करता, सुईच्या साहाय्याने रुग्णाच्या रक्तातील बिंबाणू, अस्थिमज्जेतील कोशिका किंवा अन्य उत्तेजक द्रव्ये दुखऱ्या जागी सोडून झिजलेल्या ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) दुरुस्ती घडवून आणण्याच्या प्रयत्नास ही संज्ञा लावतात. त्वचेला केवळ सुईएवढे छिद्र पडत असल्याने या उपचारांचा समावेश अल्पछेदी उपचारांत होतो. वेदनाशामक गोळ्यांना कंटाळलेल्या आणि शस्त्रक्रियेस भिणाऱ्या रुग्णास हा मधला मार्ग आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तो एखाद्या रुग्णास योग्य आहे की नाही, याचा निर्णय तीन प्रश्नांवर अवलंबून असतो : वेदना नेमकी कोठून उगम पावते, त्या जागेच्या ऊतकात पुन्हा वाढण्याची क्षमता कितपत आहे आणि सुईतील द्रव्याने होणारा लाभ नुसत्या सुईने होणाऱ्या लाभाहून अधिक आहे काय.

व्याप्ती व वर्गीकरण : पाठदुखी १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला चिरकारी म्हणतात. ओझे उचलताना वा वाकताना एकाएकी भरणारी उसण ही तीव्र पाठदुखी होय. ती बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप ओसरते. जागतिक पाहणीनुसार २०२० मध्ये सु. ६१ कोटी ९० लक्ष लोकांना कंबरदुखीचा विकार होता आणि २०५० पर्यंत हा आकडा सु. ८४ कोटी ३० लक्ष होईल, असा अंदाज आहे. माणसाच्या आयुष्यातील जी वर्षे अपंगावस्थेत जातात, त्यांस कारणीभूत होणाऱ्या विकारांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो.

कंबरदुखीच्या सु. ९० टक्के रुग्णांत वेदनेचे विशिष्ट कारण निश्चितपणे दाखविता येत नाही. अशा कंबरदुखीस अविशिष्ट म्हणतात. उरलेल्यांत तंत्रिकेवरील (मज्जातंतूवरील) दाब, अस्थिभंग, जंतुसंसर्ग, अर्बुद (गाठ) व संधिशोथ (सांध्यांची दाहयुक्त सूज) ही कारणे आढळतात. पुनर्जनन चिकित्सा मुख्यतः कशेरुकांमधील (मणक्यांमधील) चकत्या, कशेरुकांचे लहान सांधे, त्रिकास्थी व श्रोणी यांमधील सांधा आणि अस्थिबंध यांपासून उद्‌भवणाऱ्या वेदनेसाठी सुचविली जाते. म्हणजेच ज्या उपचारास अचूक जागा लागते, तो अशा विकारासाठी पुढे येतो की ज्यात बहुतेक वेळा अचूक जागाच सापडत नाही. निर्णयातील पहिली अडचण ही आहे.

चकतीची रचना व पोषण : दोन कशेरुकांमध्ये असणाऱ्या चकतीस व्यवहारात ‘गादी’ म्हणतात. तिच्या मध्यभागी पाण्याचा भरपूर अंश असलेला मृदू गाभा, त्याभोवती तंतुमय वलय आणि वर व खाली उपास्थीच्या (कूर्चेच्या) पातळ पट्टिका असतात. चकती कशेरुकांना घट्ट जोडलेली असते. म्हणून ‘गादी सरकली’ हा रूढ शब्दप्रयोग शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही. प्रत्यक्षात वलयाला चीर पडून गाभ्याचा काही भाग बाहेर येतो. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये हा प्रकार पायात उतरणाऱ्या कळेचे कारण असू शकतो, हे दाखवून दिले. तसेच ‘मणक्यात गॅप पडली’ असे ज्याला म्हणतात, त्यात पुष्कळदा उलट स्थिती असते : चकतीतील पाणी कमी होऊन दोन कशेरुकांमधील अंतर घटलेले असते.

प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. गाभ्याच्या मध्यावरील कोशिका सर्वांत जवळच्या रक्तवाहिनीपासून ६ ते ८ मिमी. दूर असू शकतात आणि त्यांना प्राणवायू व ग्लुकोज ही उपास्थीच्या पट्टिकांमधून झिरपूनच मिळतात. कोशिकांचे प्रमाणही चकतीच्या एकूण घनफळाच्या सु. १ टक्का इतके अल्प असते. वय वाढते तसतशा पट्टिका कठीण होतात, झिरपणे मंदावते, आम्लता वाढते आणि कोशिका मरू लागतात. त्वचेची जखम भरून येते, कारण तेथे रक्ताचा पुरवठा असतो. चकतीत तो नाही. अशा ठिकाणी बाहेरून सोडलेल्या कोशिकांना मूळच्या कोशिकांना पुरे न पडणाऱ्या पोषणावरच जगावे लागते. चकतीचे पुनर्जनन अवघड होण्याचे हे मूळ कारण आहे.

इतिहास : सुईने चकतीवर उपचार करण्याची कल्पना नवी नाही. पपईच्या चिकापासून मिळणारे कायमोपपाइन हे एंझाइम चकतीत सोडून तिचा बाहेर आलेला गाभा विरघळविण्याची पद्धत अमेरिकेत लायमन स्मिथ यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. तिला १९८२ मध्ये तेथे मान्यता मिळाली. परंतु काही रुग्णांत गंभीर अधिहर्षता (ॲलर्जी) व मेरुरज्जूच्या इजा आढळल्याने तिचा वापर घटत गेला आणि २००३ मध्ये हे औषध अमेरिकी बाजारातून गेले. अल्पछेदी उपचार हा अल्प धोक्याचा असतोच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी १९५० नंतरच्या दशकात सैल झालेल्या अस्थिबंधांत क्षोभक द्रावण टोचून तेथे नवे तंतू निर्माण करण्याची पद्धत मांडली. तिला प्रोलोथेरपी म्हणतात. पुढे यासाठी मुख्यतः ग्लुकोजचे तीव्र द्रावण वापरात आले. बिंबाणुसमृद्ध रक्तद्रवाचा वापर १९९० नंतर जबड्याच्या अस्थिरोपणात होऊ लागला व तेथून तो खेळाडूंच्या कंडरांच्या (स्नायू हाडास जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) इजांकडे व नंतर पाठीकडे वळला. अस्थिमज्जेतील संयोजी ऊतक निर्माण करणाऱ्या कोशिकांना १९९१ मध्ये अमेरिकन जीववैज्ञानिक आर्नल्ड कॅप्लन यांनी ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ म्हणजे मध्यजनोतकीय मूल कोशिका हे नाव रूढ केले. त्याच कॅप्लन यांनी २०१७ मध्ये हे नाव बदलावे असे सुचविले. कारण शरीरात सोडल्यावर या कोशिका स्वतः नवे ऊतक बनत नाहीत, तर आसपासच्या कोशिकांना प्रभावित करणारी द्रव्ये स्रवतात, असे त्यांचे मत झाले होते. रुग्णाला ‘नवी गादी तयार होईल’ असे सांगितले जाते तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

उपचारांचे प्रकार : (१) बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव : याला व्यवहारात ‘पीआरपी’ म्हणतात. रुग्णाचे रक्त काढून ते केंद्रोत्सारक यंत्रात फिरवितात. त्यामुळे तांबड्या कोशिका तळाशी बसतात व बिंबाणूंचे प्रमाण रक्ताच्या मानाने कित्येक पट असलेला रक्तद्रव वेगळा करता येतो. बिंबाणूंतून बाहेर पडणारे वर्धक घटक ऊतकांच्या दुरुस्तीस चालना देतात, अशी यामागील कल्पना आहे. यंत्र, फिरविण्याचा वेग आणि श्वेत कोशिका ठेवणे वा काढणे यांनुसार तयार होणारे द्रव्य वेगवेगळे असते. त्यामुळे एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणास लागू पडेलच असे नाही.

(२) अस्थिमज्जेचे सांद्रित द्रव्य : नितंबाच्या हाडातून सुईने मज्जा काढून ती त्याच बैठकीत दाट करून टोचतात. यात मूल कोशिकांचे प्रमाण फारच थोडे असते. (३) प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिका : रुग्णाच्या वा दात्याच्या मज्जेतील कोशिका संवर्धित करून त्यांची संख्या लक्षावधीपर्यंत नेतात. (४) ग्लुकोजचे द्रावण : हे वर उल्लेखिलेल्या प्रोलोथेरपीत वापरतात.

ही द्रव्ये क्ष-किरण चित्रण वा श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) यांच्या मार्गदर्शनाखाली टोचतात. चकतीत सुई घालताना क्ष-किरण चित्रण आवश्यकच असते. स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) अथवा उष्णतेने तंत्रिका निष्क्रिय करणे हेही अल्पछेदी उपचार आहेत. परंतु त्यांचा हेतू शोथ वा वेदना कमी करणे हा असतो, ऊतक वाढविणे हा नसतो. म्हणून त्यांचा समावेश पुनर्जनन चिकित्सेत करीत नाहीत.

चाचण्यांतील निष्कर्ष : चिरकारी वेदना कमीअधिक होत राहते आणि रुग्ण बहुधा ती सर्वाधिक असताना वैद्याकडे येतो. त्यामुळे कोणताही उपचार केला, तरी काही काळाने वेदना उतरलेली दिसते. शिवाय सुई, यंत्रे व वैद्याचे आश्वासन यांमुळे निर्माण होणाऱ्या अपेक्षेचाही परिणाम होतो. म्हणून उपचारापूर्वीची व नंतरची वेदना ताडून पाहणे पुरेसे नसते. खरे द्रव्य मिळालेल्या गटाची तुलना नुसते लवणद्रावण वा लटके अंतःक्षेपण मिळालेल्या गटाशी करावी लागते आणि कोणाला काय मिळाले, हे रुग्णास व परीक्षकास ठाऊक नसावे लागते.

अशा तुलनेत दिसून आलेले निष्कर्ष संमिश्र आहेत. ऑस्ट्रेलियात ११० रुग्णांवर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लुकोजचे द्रावण व लवणद्रावण या दोन्ही गटांतील रुग्णांना दीर्घकाळ आराम पडला; परंतु दोहोंत फरक आढळला नाही. बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव चकतीत सोडण्याच्या २०१६ मधील एका अमेरिकी चाचणीत ४७ रुग्ण होते. ८ आठवड्यांनंतर उपचार मिळालेल्या गटाची स्थिती काही बाबतींत अधिक चांगली होती. मात्र त्यापुढील काळात दोन गटांची तुलना राहिली नाही. २६ रुग्णांवरील २०२२ मधील चाचणीत लवणद्रावणाच्या तुलनेत लाभ दिसला नाही.

मूल कोशिकांच्या बाबतीत स्पेनमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० रुग्णांच्या प्राथमिक अभ्यासात वेदना लवकर कमी झाली व चकतीतील पाण्याचे प्रमाण वाढले. पण तिची उंची पूर्ववत झाली नाही. तुलनेसाठी दुसरा गट तेथे नव्हता. अमेरिका व ऑस्ट्रेलियातील ४०४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दात्याच्या कोशिका वापरल्या होत्या. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार वेदना व कार्यक्षमता यांचा एकत्रित असा जो मुख्य निकष ठरविला होता, तो साध्य झाला नाही. वेदनेच्या काही मोजमापांत मात्र लाभ दिसला. त्याची खातरजमा करण्यासाठी पुढील चाचणी हाती घेण्यात आली. यूरोपातील ११४ रुग्णांच्या चाचणीत लटके अंतःक्षेपण मिळालेल्यांपैकीही बहुसंख्य रुग्ण सुधारले आणि कोशिका मिळालेल्यांची सरशी सिद्ध झाली नाही. सारांश, उपचारानंतर बरे वाटलेल्या रुग्णांचे अनुभव खोटे नसतात. परंतु ते बरे वाटणे टोचलेल्या द्रव्यामुळेच होते, हे त्यांवरून सिद्ध होत नाही.

धोके : टोचल्यानंतर काही दिवस वेदना वाढणे हा सामान्य परिणाम होय. त्याहून गंभीर म्हणजे चकतीचा जंतुसंसर्ग. तेथे रक्तपुरवठा नसल्याने प्रतिजैव औषधे नीट पोहोचत नाहीत व आजार लांबतो. वर निर्देशिलेल्या २६ रुग्णांच्या अभ्यासातही एका रुग्णास असा संसर्ग झाला होता. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनविलेली दूषित द्रव्ये सांध्यांत व पाठीत टोचल्याने तीन राज्यांतील १२ जणांना जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. निरोगी चकतीला सुईने पडलेले छिद्रही सर्वस्वी निरुपद्रवी नसते. तपासणीसाठी ज्यांच्या चकतीत सुई घातली होती, अशा व्यक्तींची १० वर्षांनंतर पाहणी केली असता त्यांच्या चकत्या इतरांपेक्षा अधिक झिजलेल्या आढळल्या (२००९). म्हणून ‘लाभ झाला नाही, तरी तोटा नाही’ हा युक्तिवाद स्वीकारता येत नाही.

निवडीचे निकष : निर्णयाची पहिली पायरी म्हणजे गंभीर आजार नसल्याची खात्री करणे. ताप, रात्री वाढणारी वेदना, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, स्टेरॉइडांचे दीर्घ सेवन किंवा वृद्धावस्थेत किरकोळ पडण्याने सुरू झालेली वेदना ही लक्षणे असल्यास पूर्ण तपासणी आवश्यक ठरते. भारतात कशेरुकांचा क्षयरोग विशेष लक्षात घ्यावा लागतो [→ क्षयरोग]. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १७७९ मध्ये वर्णिलेला हा विकार आरंभी साध्या पाठदुखीसारखाच भासतो आणि औषधांनी बरा होतो. तो ओळखण्यापूर्वी तेथे कोणतेही द्रव्य टोचणे धोक्याचे असते. लघवी अडणे वा नकळत होणे, जांघेभोवतीची संवेदना जाणे, पाऊल लुळे पडणे ही लक्षणे तातडीच्या शस्त्रक्रियेची निदर्शक असू शकतात. अशा वेळी पुनर्जनन चिकित्सेचा विचारच अप्रस्तुत होय.

दुसरी पायरी प्रतिमांचा अर्थ लावण्याची. ‘एमआरआय’ या नावाने परिचित असलेल्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात झीज दिसली म्हणजे तेच वेदनेचे कारण, असा समज सर्वत्र आढळतो. पाठ मुळीच दुखत नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या चित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार चकतीची झीज विशीतील ३७ टक्के व ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींत आढळली. चकतीचा फुगवटा अनुक्रमे ३० व ८४ टक्के व्यक्तींत होता. केस पिकणे हा जसा आजार नव्हे, तशीच यांतील बरीचशी झीज वयाची खूण असते. म्हणून चित्रण, रुग्णाने सांगितलेली लक्षणे व शारीरिक तपासणी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. लहान सांध्यांच्या बाबतीत त्यांच्या तंत्रिकेभोवती भूल देणारे औषध टोचून वेदना तात्पुरती थांबते का, हे पाहता येते. चकतीच्या बाबतीत इतकी निर्धोक कसोटी उपलब्ध नाही.

तिसरी पायरी साध्या उपचारांची. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये चिरकारी कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण, नियोजित व्यायाम, काही भौतिकोपचार, मानसोपचाराच्या पद्धती व स्टेरॉइडेतर शोथशामक औषधे यांची शिफारस असून कंबरपट्टे, ताण देण्याचे उपचार (ट्रॅक्शन) व अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. व्यायाम किमान तीन महिने देखरेखीखाली, नियमितपणे केल्याशिवाय ‘व्यायामाने गुण आला नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. झोप, धूम्रपान, वजन, चिंता व कामाचे स्वरूप यांचाही वेदनेशी निकटचा संबंध असतो. यांतील काहीही सुईने बदलत नाही.

या तिन्ही पायऱ्यांनंतरही वेदना कायम असल्यास, ती एखाद्या निश्चित सांध्याशी वा एक-दोन चकत्यांशी निगडित असल्यास, चकतीची उंची फारशी घटलेली नसल्यास आणि तंत्रिकेवर मोठा दाब नसल्यासच पुनर्जनन चिकित्सेचा विचार करणे सयुक्तिक ठरते. चालू जंतुसंसर्ग, कर्करोग, बिंबाणूंची कमतरता वा विकार, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा वापर, अनियंत्रित मधुमेह, गर्भावस्था व कशेरुकांची अस्थिरता असलेल्या रुग्णांस ती सामान्यतः वर्ज्य मानतात. रक्त पातळ करणारी औषधे रुग्णाने स्वतः होऊन थांबविणे घातक ठरू शकते.

टोचण्यापूर्वी रुग्णाने काही गोष्टी लेखी विचारून घेणे इष्ट असते : कोणते द्रव्य, कोठून मिळविलेले व कोणत्या जागी टोचणार, त्याच जागेच्या विकारावर त्याची तुलनात्मक चाचणी झाली आहे काय, किती वेळा टोचावे लागेल व एकूण खर्च किती, अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची. यशाचे मापही आधीच ठरवावे लागते. वेदनेत सु. ३० टक्के घट ही सामान्यतः अर्थपूर्ण मानतात. तिच्या जोडीला चालणे, बसणे, झोप व कामावर परतणे यांतील फरक नोंदवितात. ठरलेल्या मुदतीत हे माप गाठले नाही, तर पुन्हापुन्हा टोचत राहण्यास आधार उरत नाही.

कायदेशीर स्थिती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्यताप्राप्त उपयोगांखेरीज मूल कोशिकांचा माणसावरील वापर केवळ मान्यताप्राप्त व नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, तो नित्य उपचार म्हणून देता येत नाही. औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू असून त्यांत चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. चाचणीची नोंद भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत कोणासही पाहता येते. गुडघ्याच्या संधिविकारासाठी एका कोशिकाजन्य द्रव्यास भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ती मान्यता पाठीच्या विकारांना लागू होत नाही. रुग्णाच्याच रक्तापासून बनणारा बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव हा मूल कोशिकांचा प्रकार नव्हे. त्यामुळे तो देणाऱ्याने ‘मूल कोशिका उपचार’ हे नाव वापरणे दिशाभूल करणारे आहे. चाचणीबाहेर पूर्ण शुल्क आकारून चकतीच्या पुनर्जननाची हमी देणाऱ्या ठिकाणांस उपलब्ध पुराव्यांचा आधार नाही. अन्य सर्व उपचार थकलेल्या व निकषांत बसणाऱ्या रुग्णास नोंदणीकृत चाचणीतील सहभाग हा त्या मानाने अधिक सुरक्षित मार्ग आहे. कारण तेथे द्रव्याची शुद्धता तपासली जाते, परिणामांची नोंद राहते आणि लाभ न झाल्यास तेही प्रसिद्ध होण्याची शक्यता असते.